पंखांच्या घोड्याची फेरिस्त

सैन्याच्या सरंजामातील बंदुकीचा, पट्ट्याचा, घोंगडीचा, फार काय पाण्याच्या बाटलीचाही हिशेब सरकारदप्तरी राहतो आणि शिपायाची मुदत संपली म्हणजे हे सारे जिन्नस मोजून परत घेतले जातात. परंतु त्याच्या बाहीवर शिवलेला, तळहाताहूनही लहान असा रंगीत कापडाचा तुकडा आणि टोपीवर खोवलेला धातूचा बिल्ला, या दोन वस्तू, कायदेकानू काही असोत, बहुधा त्याच्याबरोबर घरी येतात, काही वर्षे कौतुकाने दाखविल्या जातात, पुढे पेन्शनच्या कागदांसमवेत पत्र्याच्या पेटीत जातात, आणि तिसऱ्या पिढीत कोणी ती पेटी उघडली तर हे काय आहे ते सांगणारे माणूस घरात उरलेले नसते. पुढील पृष्ठांत दिलेली फेरिस्त अशाच वस्तूंची आहे. त्यांतही ती दुसऱ्या महायुद्धातील हवाई छत्रीदलांच्या, म्हणजे विमानातून छत्रीच्या आधाराने रणभूमीवर उतरण्यासाठी सिद्ध केलेल्या पलटणींच्या, चिन्हांपुरती मर्यादित करण्याचा मूळ संकल्प होता. तो संकल्प अक्षरशः पाळता आला नाही. का आला नाही, हेच या प्रस्तावनेत मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

दाभोळात बसून अशी फेरिस्त करणे वाचकास प्रथमदर्शनी विसंगत वाटेल, कारण येथे ना विमानतळ, ना छावणी. वाशिष्ठीच्या मुखाशी उभे राहिले असता समोर दिसतो तो पैलतीरावरचा अंजनवेलचा गोपाळगड. परंतु बहामनी अमलात हेच बंदर अरबस्तान आणि खुरासान येथून येणाऱ्या घोड्यांसाठी प्रसिद्ध होते; पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफानासी निकितीन याने तसे लिहून ठेवले आहे, आणि स्वदेशाकडे परतताना तो गलबतात बसला तोही येथूनच. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे गाव जाळले, आणि पुढील शतकांत समुद्रमार्गे घोडे येण्याऐवजी माणसे जाऊ लागली. इंग्रजी अमलात रत्नागिरी जिल्हा हा मुंबई इलाख्याच्या पलटणींना जवान पुरविणारा मुलूख ठरला. जवळच्या दापोलीस छावणी पडली, तिच्यामुळे त्या गावास कॅम्प दापोली म्हणू लागले, आणि छावणी उठल्यानंतरही पेन्शनरांची वस्ती तेथे राहिली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले होते. खेड, चिपळूण, गुहागर आणि दापोली या तालुक्यांतून बेळगावास किंवा खडकीस भरतीला निघालेल्या कित्येकांना प्रथम आगबोटीने मुंबई गाठावी लागे, आणि त्या आगबोटी दाभोळासही लागत. तेव्हा आकाशातून उतरणाऱ्या सैन्याच्या खुणा शोधण्यास हे बंदर अगदीच गैरवाजवी आहे असे म्हणता येणार नाही.

छत्रीदलाची कल्पना आपल्याकडे आली ती युरोपातून आणि घाईघाईने. १९४० च्या जून महिन्यात चर्चिल यांनी निदान पाच हजार छत्रीसैनिकांची उभारणी करावी असा आग्रह धरला. पुढील वर्षी मे महिन्यात जर्मनांनी क्रीट बेट आकाशमार्गे घेतले, आणि त्या विजयाचा परिणाम मोठा विचित्र झाला, कारण त्यात झालेली प्राणहानी पाहून हिटलरने अशा मोठ्या मोहिमांचा नाद सोडला, तर तोच विजय पाहून त्याच्या शत्रूंनी त्या नादास नेटाने आरंभ केला. हिंदुस्थानात ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीस पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात एक गोरी, एक हिंदी आणि एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. त्याच महिन्यात कराचीस व्हॅलेन्शिया नावाच्या जुनाट विमानांतून पहिल्या उड्या झाल्या. विमानातून उडी घेणारे पहिले हिंदी म्हणून ज्यांची नावे नोंदली गेली त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी ए. जी. रंगराज आणि दुसरे हवालदार-मेजर मथुरासिंग. डॉक्टराने आधी उडी घ्यावी यात औचित्यच होते असे आम्हांस वाटते. हेच रंगराज पुढे कोरियाच्या युद्धात साठाव्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचे प्रमुख होते आणि महावीरचक्राचे मानकरी ठरले.

या दलांचे चिन्ह म्हणून जो पंखांचा घोडा जगभर ओळखला जातो तो १९४२ मध्ये इंग्लंडात चितारला गेला. ग्रीक पुराणांतील बेलेरोफोन नावाचा वीर पेगॅसस या उडत्या अश्वावर आरूढ होऊन भाला उगारीत आहे, आकृती फिकट निळ्या रंगाची आणि पार्श्वभूमी किरमिजी, असे हे चिन्ह एडवर्ड सीगो या निसर्गचित्रकाराने सेनापती ब्राउनिंग यांच्यासाठी तयार केले. ब्राउनिंग यांच्या पत्नी म्हणजे प्रसिद्ध कादंबरीकर्त्री डॅफ्ने ड्यू मॉरिए. किरमिजी रंग त्यांनीच सुचविला अशी एक गोड दंतकथा संग्राहकांत प्रचलित आहे, परंतु ती त्यांनी स्वतःच नाकारली होती, आणि तरीही ती प्रत्येक नव्या पुस्तकात पुनःपुन्हा छापली जाते. हिंदी छत्रीदलाने हाच घोडा स्वीकारला आणि त्याच्या पायांखाली फक्त देशाचे नाव जोडले. १ मार्च १९४५ रोजी अस्तित्वात आलेल्या आणि दीडेक वर्षातच मोडलेल्या हिंदी पॅराशूट रेजिमेंटच्या टोपीवरील बिल्ल्याचीही तीच कथा: पंख, उघडलेली छत्री, मुकुट आणि सिंह, सारे विलायती रेजिमेंटप्रमाणे, हिंदी काय ते छत्रीच्या तळाशी कोरलेले एक नाव. एवढ्या अल्पायुषी रेजिमेंटचा बिल्ला दुर्मिळ असावा यात नवल नाही. स्वातंत्र्यानंतर मुकुट आणि सिंह गेले, छत्रीच्या मध्यभागी उभा खंजीर आला, आणि पन्नासाव्या ब्रिगेडने ग्रीक स्वाराला निरोप देऊन धनुष्य ओढणारा, अर्धा अश्व आणि अर्धा मानव असा पंखधारी 'शत्रुजित' खांद्यावर घेतला. मार्कंडेय पुराणाच्या वाचकास येथे किंचित थबकावे लागते, कारण त्या पुराणात शत्रुजित हे राजाचे नाव असून गालव ऋषींनी आणलेला, आकाशपाताळी कोठेही न अडणारा कुवलय नावाचा अश्व लाभतो तो त्याच्या पुत्रास, ऋतध्वजास. आमच्या मते घोड्याचा मान घोड्यासच द्यावयास हरकत नव्हती. पण सैन्यास व्युत्पत्तीपेक्षा जयघोष अधिक उपयोगी पडतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. विलायती आणि अमेरिकन संग्राहकांनी या विषयाचे जे शास्त्र बनविले आहे ते मोठे सूक्ष्म आहे: कापडावर छापलेले चिन्ह कोणते, यंत्रावर विणलेले कोणते, धाग्याचा पीळ कसा, मागील बाजूस कागद चिकटविलेला आहे की नाही, याचे त्यांनी बारकाईने वर्गीकरण केले आहे, आणि त्या वर्गीकरणात न बसणारी वस्तू सहसा बनावट ठरते. हिंदुस्थानात मात्र युद्धकाळी ही चिन्हे विलायतेहून येण्याची वाट कोण पाहत बसणार? छावणीलगतच्या बाजारातील शिंपी आणि जरदोजी कारागीर खाकी ड्रिलवर, बनातीवर, हाती लागेल त्या कापडावर सुईने घोडा काढून देत. पंख कधी दोनाचे तीन होत, कधी स्वाराचा भाला नाहीसा होई, किरमिजी रंग एका धुण्यात तांबूस पडे. अशी वस्तू लंडनच्या लिलावात नाकारली जाईल, आणि हिंदी शिपायाने अंगावर वागविलेली वस्तू बहुधा अशीच असणार. विलायतेत जो दोष, तो येथे दाखला ठरतो. या फेरिस्तीत ओबडधोबड नमुन्यांस अग्रस्थान मिळाले आहे ते याच कारणाने.

मात्र याच ठिकाणी एक मोठा खड्डाही आहे. बनारसचे जरदोजी कारागीर आजही देशोदेशींच्या सैन्यांसाठी हातभरतकामाची चिन्हे तयार करून पाठवितात. जुन्या चिन्हाची नक्कल करावयास सांगितली तर ते तीही तितक्याच कौशल्याने करतात, आणि त्यात त्यांचा अपराध काही नाही, कारण अपराध असतो तो तीच नक्कल अस्सल म्हणून विकणाऱ्या दलालाचा. सुई तीच, टाका तोच, हाताचे वळण तेच. मग भेद कोठे शोधावयाचा? अतिनील दिव्याखाली धागा निळसर चमकला तर तो युद्धोत्तर काळातील असावा असा एक नियम सांगतात, कारण वस्त्रांना चकाकी आणणारी रसायने त्या काळी सर्रास वापरात नव्हती. नियम चांगला आहे, पण तो एकट्याने पुरेसा नाही: घरातील कोणा मायमाउलीने आजोबांची आठवण म्हणून तो बिल्ला अलीकडच्या कपडे धुण्याच्या भुकटीत बुचकळून काढला असेल, तर अस्सल धागाही त्या दिव्याखाली चमकतो. पितळी बिल्ल्याच्या बाबतीत उलट घडते. शिपाई रोज घाशी, त्यामुळे उंचवटे गुळगुळीत होत. झिजलेला बिल्ला पाहून नवशिका संग्राहक नाक मुरडतो, आणि धारदार रेषांच्या, कधीही टोपीवर न चढलेल्या बिल्ल्यास चौपट पैसे मोजतो.

तेव्हा वस्तूवरून निवाडा करण्यास मर्यादा आहेत, आणि त्या ओलांडावयाच्या तर कागद आणि माणसे यांच्याकडेच जावे लागते. महाराष्ट्रात ही पद्धत नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतील माळ्यांवरून, कसर लागलेल्या रुमालांतून कागद बाहेर काढून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली, आणि १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तोच शिरस्ता पुढे चालविला. कागद कोणाच्या घरी, कोणत्या दप्तरात, कशा अवस्थेत मिळाला हे नमूद केल्यावाचून तो पुराव्यास घेऊ नये, ही शिस्त आपण त्यांच्याकडून शिकलो. बिल्ल्यांच्या संग्रहास ती जशीच्या तशी लागू पडते. बाहीवरचा घोडा एकटा असेल तर तो बाजारातील जिन्नस होय. त्याच पेटीत सेवापुस्तिका, पेन्शनचा हुकूम, मनीऑर्डरीच्या पावत्या आणि पलटणीचे समूहछायाचित्र निघाले, तर त्यांची एकमेकांशी रुजवात घालता येते, नाव आणि शिपाई क्रमांक मिळतो, आणि मग तो कोणत्या साली कोठे होता हे सरकारी नोंदींवरून पडताळता येते. जे परत आलेच नाहीत त्यांच्यासाठीही मार्ग आहे: ब्रह्मदेशात टौक्यान येथील रंगून स्मारकावर, ज्यांची थडगी नाहीत अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावे कोरलेली असून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत ती शोधता येतात.

अशी रुजवात घालू लागले म्हणजे संकल्पित मर्यादा कशी मोडते याचे उत्तम उदाहरण सांगशाकचे. मणिपुरातील उखरूलच्या दक्षिणेस असलेल्या या टेकडीवरील गावी मार्च १९४४ मध्ये पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडने जपानच्या एकतिसाव्या डिव्हिजनच्या आघाडीच्या फौजेस अडवून धरले. ब्रिगेड छत्रीदलाची खरी, पण एकही सैनिक तेथे आकाशातून उतरला नाही. सारे डोंगरवाटांनी पायी आले, काटेरी तारा नव्हत्या, दोनतीन फुटांखाली खडक लागत असल्याने खंदक खोल होईनात, पाण्याची टंचाई पडली, आणि विमानांतून जी रसद सोडली तिच्यातील बरीच जपान्यांच्या हाती गेली. आकाशातून काही उतरले असेल तर ते पिंप, पेट्या आणि दारूगोळा. रसदीच्या या छत्र्यांची हकीकत वेगळीच आहे: रेशमी छत्र्यांचा तुटवडा पडला तेव्हा सेनापती स्लिम यांनी कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या, आणि रेशमी छत्रीच्या सुमारे विसाव्या हिश्शाच्या खर्चात काम भागविले. अशा छत्रीचा फाटका तुकडा कोणाकडे असेल तर आम्ही दहा चकचकीत बिल्ले त्याच्या मोबदल्यात देऊ.

सांगशाकच्या वेढ्यात त्या ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून लढली ती मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. ती ब्रिगेडची नव्हती. तेविसाव्या हिंदी डिव्हिजनची होती, ऐनवेळी मदतीस दिलेली होती, आणि शेवटपर्यंत, म्हणजे २६ मार्चच्या रात्री बाहेर पडण्याचा हुकूम सुटेपर्यंत, तिने आपली जागा सोडली नाही. काही काळ या लढाईची उपेक्षाच झाली, ब्रिगेडच्या प्रमुखावर ठपका आला. पुढे स्लिम यांनी जाहीरपणे ब्रिगेडचे ऋण मान्य केले, कारण येथे अडलेले दिवस कोहिमा आणि इंफाळ यांच्या बचावास मिळाले होते. आता प्रश्न असा की या मराठा शिपायाच्या पेटीत कोणते चिन्ह निघेल? घोडा नव्हे. तेविसाव्या डिव्हिजनचे चिन्ह पिवळ्या वर्तुळात झुंजीच्या पवित्र्यातील तांबडा कोंबडा हे होते, आणि टोपीवर होते मराठा लाइट इन्फंट्रीचे रणशिंग. छत्रीदलाच्या चिन्हांचा संग्राहक नियमाने चालला तर तो कोंबडा परत पेटीत टाकील, आणि त्याबरोबर छत्रीदलाच्या सर्वांत कठीण लढाईतील एक संपूर्ण मराठी पलटण त्याच्या हातून निसटेल. खडकीच्या मुंबई सॅपर्सची एक पॅराशूट तुकडीही त्या वेढ्यात होती. तिच्या जवानांची चिन्हे घोड्याची, पण बिल्ला आपल्या मूळ पलटणीचा. म्हणून या फेरिस्तीत कोंबड्यास जागा दिली आहे, रणशिंगास दिली आहे, आणि ज्यास ही सरमिसळ रुचणार नाही त्याने ती पाने वगळून वाचावीत.

पलटणींची चिन्हे कायम राहत नाहीत, हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीकडे पाहिले म्हणजे आणखी स्पष्ट होते. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे याच पलटणीत होते; १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाऊन ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा त्यांच्या टोपीवर रणशिंग होते. युद्ध संपल्यावर हीच पलटण छत्रीदलात वर्ग झाली, १९४८ मध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ब्रिगेडमधून झांगर येथे लढली, आणि १५ एप्रिल १९५२ रोजी पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालात टांगाइलजवळ पुंगलीचा पूल घेण्यासाठी जी पलटण छत्र्यांनी उतरली, आणि पाच दिवसांनी सर्वांआधी ढाक्यात शिरली, ती हीच. एका घरातील आजोबांच्या टोपीवर रणशिंग आणि मुलाच्या टोपीवर पंख, तरीही पलटण मात्र एकच, असे दृश्य कोकणात दुर्लभ नाही. अशा वेळी दोन्ही बिल्ले एकाच तक्त्यावर मांडावेत. मुलाचा बिल्ला युद्धकालीन नाही म्हणून तो वेगळा काढणे हे वर्गीकरण झाले, समजूतदारपणा नव्हे.

जतनाविषयी थोडके सांगणे अवश्य आहे, कारण विलायती ग्रंथांतील सूचना कोरड्या हवेच्या देशांसाठी लिहिलेल्या आहेत. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, वर खाऱ्या वाऱ्याची जोड; पितळेवर जंगाल चढते, लोकरीस कसर लागते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेले कापड आतल्या आत बुरशी धरते. पितळेस चिंच आणि राख लावून घासण्याचा घरोघरचा परिपाठ देवाच्या उपकरणांस ठीक आहे, बिल्ल्यास नाही. कोरडे मऊ फडके पुरे. कापडी चिन्ह धुऊ नये, इस्त्री करू नये, आणि मूळ गणवेशावर शिवलेले असेल तर उसवू तर मुळीच नये, कारण ज्या टाक्यांनी ते शिवले गेले ते टाकेही पुराव्यात मोडतात. गणेशचतुर्थीनंतर ऊन पडू लागले म्हणजे पेटी उघडून सावलीत वारा द्यावा, जुन्या सुती धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात गुंडाळून ठेवावे, आणि डांबराच्या गोळ्या कापडास चिकटून ठेवू नयेत.

कायद्याचीही शंका पुष्कळांना असते. जुना बिल्ला घरी ठेवणे किंवा त्याचा संग्रह करणे यास मनाई नाही. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा वेश वा चिन्ह वापरणे हा मात्र पूर्वीच्या दंडसंहितेच्या १४० व्या कलमाप्रमाणे गुन्हा होता आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येण्यास वस्तू शंभर वर्षांची असावी लागते. सांगशाकच्या काळातील चिन्हे त्या वयास २०४४ मध्ये पोचतील, आणि तोपर्यंत ती परदेशी विकली जाण्यास त्या कायद्याची आडकाठी नाही. दलालांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. पेटीवाल्या घरांना ती सहसा ठाऊक नसते.

फेरिस्तीच्या मांडणीविषयी अखेरचे दोन शब्द. प्रत्येक नोंदीत वस्तूचे वर्णन, माप, कापड वा धातू, बनावटीविषयीचे आमचे मत, आणि जेथे कुटुंबाने संमती दिली तेथे गाव व पलटण, असे रकाने आहेत. व्यक्तींची नावे कुटुंबांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. ज्या नमुन्यांविषयी संशय आहे ते काढून न टाकता शेवटी निराळ्या तक्त्यात दिले आहेत, जेणेकरून दुसऱ्या कोणाकडे तसाच तुकडा कागदपत्रांसह असेल तर त्याने आमच्या संशयाचे निराकरण करावे. किमतीचा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. तो ठेवावा असा काही स्नेह्यांचा आग्रह होता, विमा उतरविण्यास सोयीचे पडेल असेही सुचविले गेले. परंतु किंमत छापली की कोंबडा आणि घोडा यांची तुलना पहिल्याच पानावर सुरू होईल, घोड्याचे पारडे बाजारात कितीतरी जड आहे हे आम्हांसही ठाऊक आहे, आणि ज्यांच्या पेटीत कोंबडा आहे ती माणसे मग तो दाखविण्याची तसदी घेणार नाहीत.